पुणतांब्याच्या पुढे

निवृत्त झालेल्या व्यायामशिक्षकाला समाजात फारशी मागणी नसते. गणिताच्या सरांकडे सत्तरीतही शिकवणीला पोरं येतात, मराठीच्या सरांना लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर तपासायला बोलावतात. आमच्याकडे कोणी आलंच तर कंबर धरली म्हणून येतं. पण गेल्या काही वर्षांत वारं फिरलंय. आता लोक मुलांना घेऊन येतात. परवा शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आले. पोराच्या पायात माझ्या लग्नातल्या जोड्यापेक्षा झकपक बूट आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.

"सर, याला मॅरेथॉनसाठी तयार करायचंय. लहानपणीच सुरुवात केलेली बरी, नाही का?"

मी पोराला विचारलं, "तुला काय खेळायला आवडतं रे?" तो म्हणाला, "विषामृत." मी म्हटलं, "मग आजोबांनाही तेच खेळव." गृहस्थ नाराज झाले. त्यांना तक्ता हवा होता, सोमवारी किती आणि मंगळवारी किती असा. मी चहा देऊन त्यांची बोळवण केली. उत्तर मात्र द्यायचं राहून गेलं, ते इथे देतो. दिवाळीचा अंक त्यांच्याकडे येतो, चिवड्याबरोबर वाचतील.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा कोपरगाव तालुक्यातल्या एका गावी हायस्कूलवर पी.टी.चा सर होतो. गाव साखर कारखान्याला लागून. सकाळी मळीचा वास आला की पोरं वेळेवर उठायची, भोंग्याची गरज नव्हती. पी.टी.चा सर म्हणजे शाळेचा घरजावई. त्याला सगळीकडे राबवतात आणि कशातच विचारत नाहीत. इतिहासाचे सर आजारी पडले, पाठवा वर्ग मैदानावर. पाहुणे येणार, बसवा लेझीम. पोराचा गुडघा फुटला, लावा आयोडीन. यातून वेळ उरला तर फक्की घेऊन मैदानावर रेघा मारायच्या आणि गुरांनी त्या रात्रीतून पुसल्या की सकाळी पुन्हा मारायच्या.

लांब पळायला शिकवण्याची माझी एक रीत होती. तिच्यावर शिक्षकांच्या खोलीत बरेच विनोद होत. शाळा सुटल्यावर गावातली लहानमोठी पोरं मैदानावर जमत. त्यांतलं आठवीच्या आतलं पोर फेऱ्या मारू लागलं की मी त्याला मोठ्याने पाढे म्हणायला लावी. पाढा सुरळीत चाललाय तोवर पळायचं, श्वास लागून पाढा तुटला की चालायचं. परत श्वास आला की परत पाढा. माझ्या गळ्यात घड्याळ लटकत असे, पण लहानांसाठी ते मी कधी दाबलं नाही. गणिताचे सर म्हणत, "तुमच्या कृपेने पाढे पक्के झाले हो, पण आता वर्गातही पोरं पाढा म्हणताना पाय हलवतात."

यामागचं शास्त्र साधं आहे. ज्याला बोलता येतंय त्याला श्वास पुरतोय, आणि ज्याला श्वास पुरतोय त्याचं पळणं अजून खेळच आहे. लहान मुलाच्या हाडांची टोकं पक्की झालेली नसतात. टाचेत आणि गुडघ्याखाली वाढीची जागा मऊ असते. रोज लांबलचक तोच रस्ता आणि तेच आपटणं झालं, की तिथे ठणका लागतो. झाडावर चढणं, लंगडी, हुतूतू यांत अंग चहूबाजूंनी वळतं. नुसत्या पळण्यात एकाच जागी घाव बसत राहतो. शिवाय लहान पोराला ऊन लवकर बाधतं, आणि ते सांगत नाही, कारण शेजारी कोणीतरी 'शाब्बास' म्हणत असतं. शाब्बासकीसाठी पोरं काय वाटेल ते सोसतात. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, विलासने शिकवलं.

विलास सहावीतला. त्याच्या वडिलांना कुस्तीचा भारी नाद, पण स्वतः कधी लाल मातीला पाठ सोडून काही लावलं नव्हतं. ती हौस पोरावर. पहाटे पोर पुढे आणि बाप मागे सायकलवर, हातात शेवग्याची शेंग उगारलेली. मारत नसत, नुसती उगारत. वर्षभरात पोर पळण्यात जिल्ह्याला पहिलं आलं. पुढच्या वर्षी टाचा धरून बसलं. वडील म्हणाले, कांगावा करतंय. मी दोन्ही अंगठ्यांनी टाच दोन्हीकडून हळूच दाबली तर पोर कळवळलं. चार महिने पळणं बंद केलं तेव्हा टाच बरी झाली, पण मन बरं झालं नाही. सोळा-सतराव्या वर्षी, जेव्हा खरं पळायला लागायचं, तेव्हा विलास मैदानाकडे पाठ करून कॅरम खेळायचा. आता तो साठीपार आहे, फार भला माणूस आहे. एसटी सुटत असली तरी धावत नाही. "जाऊ द्या सर, मागून दुसरी येते," म्हणतो.

एवढी प्रस्तावना केली, कारण गिरजाची गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना माझं मन थोडं इकडेतिकडे होतं.

दिवाळी सरली की पाथर्डीकडच्या टोळ्या बैलगाड्यांनी आमच्या भागात ऊसतोडीला यायच्या. शाळेमागच्या माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. माणूस वाकून आत शिरेल एवढीच ती झोपडी. त्या वर्षी तिकडे पाऊस रुसला होता, म्हणून माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा-बायकोने ऊस तोडायचा, मोळ्या बांधून गाडी भरायची, मग नवऱ्याने गाडी कारखान्यावर न्यायची. तिथे वजनकाट्यापुढे गाड्यांची ही लांब रांग लागलेली असे. रांगेत दिवस मोडायचा. म्हणून घरातलं एखादं पोर बापाला तिथे भाकरी नेऊन देई.

गिरजा त्यांतली. असेल आठ-नऊ वर्षांची. डोक्यावर फडक्यात भाकरी, एक हात फडक्याला, परकर गुडघ्याशी खोचलेला आणि पाय अनवाणी. शाळेच्या कुंपणालगतच्या गाडीवाटेने ती कारखान्याकडे पळत जाई. माझ्या धंद्यात डोळ्यांइतकाच कान लागतो. चुकीचं पळणारा मुलगा लांबून ऐकू येतो, थाड थाड. ही गेली तर पावलाचा आवाजच नाही, ऐकू यायच्या त्या फक्त हातातल्या बांगड्या. आमची सातवीतली पोरं कुंपणाच्या आतून तिच्याशी शर्यत लावायची आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत धापा टाकत उभी राहायची. गिरजा त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

एकदा परत येताना मी तिला थांबवलं.

"दमत नाहीस का गं तू?"

"दमते की. मंग जरा हळू पळते."

यापेक्षा शहाणं उत्तर मला त्यानंतर कुठल्याही धावपटूने दिलेलं नाही. मी तिला संध्याकाळी मैदानावर यायला सांगितलं. ती आली, पण काखेत तान्हा भाऊ घेऊन. आई फडात असेपर्यंत त्याला सांभाळायचं काम तिचंच. आमच्या घरचे लोक, म्हणजे माझी बायको शालन, प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि घर मैदानाला लागूनच होतं. शालनने त्या तान्ह्याला लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात बसवलं. तो वाळू खायचा प्रयत्न करी आणि ही त्याचा हात धरून बसे. त्या हंगामात आमच्या शाळेत लांब उडीचा सराव झाला नाही.

गिरजाला मी माझी रीत सांगितली. पळ, पण पाढा म्हणत पळ. ती गोंधळली. "मला बे चाच येतो."

"मग जे येतं ते म्हण. गाणं म्हण."

तिने थोडा विचार केला आणि पळायला लागली. पहिल्या फेरीला म्हणू लागली, "पुनतांबं, पुनतांबं, पुनतांब्याला गंगा." दुसऱ्या फेरीला, "शिरामपूर, शिरामपूर, शिरामपूरला रेल्वेचं फाटक." तिसरीला, "बेलापूर, बेलापूर, बेलापूरला पवरा." तिथे तिचा श्वास तुटला आणि ती चालायला लागली. गंगा म्हणजे गोदावरी, पवरा म्हणजे प्रवरा. माझ्या ध्यानात आलं, ही टोळीची वाट आहे, उलटीकडून. गाड्या पाथर्डीहून आल्या तेव्हा जिथे जिथे बैल सोडले, पाणी पाजलं, चुली मांडल्या, ती गावं. एका फेरीला एक गाव हे तिनेच ठरवलं. मला पोरीच्या स्मरणशक्तीचं कौतुक वाटलं. त्यापलीकडे माझी अक्कल काही गेली नाही.

आठवड्याने ती माझ्यापुढे येऊन म्हणाली, "गुरुजी, आज राहुरीला पोचले." हायस्कूलची पोरं मला सर म्हणायची, कोप्यांवरची माणसं गुरुजी म्हणायची. पुढे सोनई झाली, बैलबाजाराचं घोडेगाव झालं, मिरी झाली. मी तिला वाढवत नव्हतो, उलट दोन दिवस पळाली की तिसऱ्या दिवशी लंगडी खेळायला पाठवायचो. लंगडीत ती लवकर बाद होई आणि मन लावत नसे. तिला फक्त पळायचं असे. शालन मला म्हणायची, "अहो, ही पोर हसत नाही पळताना." मी म्हणायचो, पळताना कोण हसतं?

एव्हाना गिरजाचं नाव गावात झालं होतं. गावच्या तालमीचे अध्यक्ष भाऊसाहेब. सोन्यासारखा माणूस, पण कुठल्याही गोष्टीची मिरवणूक काढल्याशिवाय त्यांना ती झाल्यासारखी वाटत नसे. सव्वीस जानेवारीला तालमीतर्फे कारखान्याच्या फाटकापासून पुणतांब्यापर्यंत दौड ठरली होती. साधारण दहा मैलांचं अंतर, जवान गडी भाग घेणार. भाऊसाहेब एका संध्याकाळी मैदानावर आले, तिच्या दोन फेऱ्या पाहिल्या आणि गुडघ्याला बाशिंग बांधूनच माझ्याकडे वळले.

"सर, ही पोर दौडीत सर्वांत पुढं. बाजूनं जीप, जीपवर लाऊडस्पीकर. एवढीशी पोर दहा मैल पळाली म्हटल्यावर पेपरात फोटो येतोय बघा!"

"भाऊसाहेब, तिच्या वयाला दहा मैल फार होतात."

"अहो, रोज पळतीच की कारखान्यावर!"

"तिथे दमली की ती हळू होते. लाऊडस्पीकर ओरडत असताना कोण हळू होईल?"

"तुमी म्हणजे मास्तर ते मास्तरच. नाही म्हणायला पगार घेता," असं म्हणून ते हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला बोला, फोटो म्हटल्यावर माझ्याही मनात गुदगुल्या झाल्या होत्या. पी.टी.च्या सराचा फोटो पेपरात कधी येतो? पण मला विलासची टाच दिसत होती. मी नाही म्हटलं. तर भाऊसाहेबांनी परस्पर पोरीलाच विचारलं, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पोरगी एका पायावर तयार.

मी तिला समजावलं. "गिरजा, फार लांब आहे ते."

"लांब हाय म्हनून तर पळायचंय."

"पाय दुखतील. टाच सुजेल."

"सुजू द्या." मग थोडं थांबून तिने विचारलं, "गुरुजी, पुनतांब्याला पोचल्याव म्होरं कुनी अडवतं का?"

मला वाटलं ही रेल्वेच्या फाटकाबद्दल विचारतेय. म्हटलं, "नाही, तिथे दौड संपते. मग जीपमधून परत."

तिने भावाला काखेत घेतलं आणि कोपीकडे चालू लागली. मला तो हट्ट वाटला.

दौडीला दोन दिवस राहिले असतील. मी चहा घेत होतो. शालन आतून आली आणि समोर उभी राहिली. "अहो, गिरजा आत्ता येऊन गेली. फडकं मागत होती, गूळ बांधायला. ज्याचा ऊस तोडतात त्या मळ्यातल्या गुऱ्हाळावर कोणी दिलाय तिला ढेकूळ. मी म्हटलं, खाऊन टाक की, बांधून कशाला ठेवतेस? तर म्हणाली, आजीला न्यायचाय. मी म्हटलं, आजी कुठंय? म्हणाली, घरी."

"मग?"

"मग काय? घर पाथर्डीला आहे. ही पोर पुणतांब्याला थांबणार नाहीये."

मी कप खाली ठेवला. माझ्या कानात तिच्या त्या सगळ्या फेऱ्या एकदम वाजू लागल्या. पोरगी पळायला शिकत नव्हती. ती रोज घरी जायला निघत होती, आणि जिथे श्वास तुटे तिथून परत येत होती. सबंध वाटेवर तिला पहिली अडचण होती ती आई-बापाच्या नजरेतून निसटायची, आणि ती दौड सोडवणार होती. पुढे भाऊसाहेबांची जीप, मागे शाब्बास म्हणणारं गाव, आणि पुणतांब्याच्या गर्दीतून ही गुळाचं फडकं घेऊन श्रीरामपूरच्या रस्त्याला लागणार होती.

हे कळल्यावर माझी पंचाईत कमी न होता वाढली. दौडीतून नाव काढणं माझ्या हातात होतं. पण नाव काढलं तर ती थांबेल कशावरून? परवा नाही तर तेरवा, भाकरी पोचवून परत येण्याऐवजी तशीच पुढे गेली तर? फेऱ्यांत ती मिरीपर्यंत पोचली होती. मैदानावरची मिरी आणि खरी मिरी यांतला फरक नऊ वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? मी पायात वहाणा सरकवल्या आणि कारखान्यावर गेलो. शालनला म्हटलं, तू कोपीवर जा, तिच्या आईपाशी बस.

गिरजाचा बाप रंगनाथ गाडीच्या जूखाली उकिडवा बसला होता. त्याच्या गाडीमागे एक गोऱ्हा नुसताच बांधलेला होता. मी त्याला टाच, गुडघा, वाढीची जागा असं बरंच सांगितलं. तो मान हलवत होता, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी गोऱ्ह्याकडे बोट केलं.

"रंगनाथ, याला का नाही जुंपत?"

"आदत हाय की त्यो, गुरुजी. दुधाचं दात हायेत आजून. आत्ता जुंपला तर खांदा बसंल, जन्माचा वाया जाईल."

"आणि गिरजाचे दात?"

तो ओशाळला नाही. त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. "गोऱ्हा बोलत न्हाई, म्हनून त्याचं दात बघावं लागत्यात. पोरगी बोलती, गुरुजी. मला पळायचंय म्हन्ती. हितं तिला दुसरं काय सुख हाय? सकाळपास्नं भावाला वागवती, भाकरी आनती. येवढं एक मागती, तर त्येला न्हाई कसं म्हनू?"

बाप म्हणून तो बरोबरच बोलत होता. मी मग टाचेचं सोडून दिलं आणि गुळाचं सांगितलं. पुनतांबं, शिरामपूर, बेलापूर, सगळं सांगितलं. तो उठून गोऱ्ह्यापाशी आला होता; ऐकता ऐकता त्याचा हात गोऱ्ह्याच्या पाठीवर होता तो तसाच राहिला.

"म्हातारीकडं व्हय," एवढंच तो म्हणाला.

गाडी रिकामी झाल्यावर आम्ही कोपीवर आलो. गिरजाची आई कौसाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. शालन तिच्याजवळ बसली होती आणि मांडीवर तान्हं होतं. गिरजा पाणी आणायला गेली होती. शालनने सगळं आधीच सांगितलेलं दिसत होतं, कारण कौसाबाईचे डोळे लाल होते आणि तो धूर नव्हता.

"जल्मल्यापास्नं म्हातारीच्या कुशीत झोपायची वो," ती म्हणाली. "हितं आल्यापास्नं गोधडीचा कोपरा मुठीत धरून झोपती. आमाला वाटलं पळन्यात रमली. रमली म्हनून बरं वाटत हुतं."

रंगनाथ म्हणाला, "धाडावं म्हनतो. पन पोराला कोन बघंल?"

कौसाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. ती निखाऱ्यावर फुगवून टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "झोळी बांधीन बांधावरच्या बाभळीला. तोडता तोडता हालवीन. तुमी जावा घिऊन तिला, बाई. येकलीच वाटंला लागली आसती तर मी काय केलं आसतं?" आणि मग तिने तोंडाला पदर लावला. तिच्या कामात किती भर पडणार होती हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मला त्या बाईच्या पायांना हात लावावासा वाटला होता. लावला नाही, पण वाटला होता.

दौड झाली. गिरजा तिच्यात नव्हती. भाऊसाहेब माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हाही पहिलं वाक्य हेच होतं, "सर, जिल्ह्याला एक धावपटू मिळाली असती, ती तुम्ही एसटीत बसवून घालवली." ते खरं असेलही. पुढच्या वर्षी ती टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. गिरजा मला परत भेटली नाही. पुढे ती कधी पळाली का, कोणी तिला पळू दिलं का, मला माहीत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तशी पावलं माझ्या मैदानावर पडली असती तर मी काय काय केलं असतं, हा विचार करत मी पुष्कळ संध्याकाळी काढल्यात. बिनआवाजाची ती पावलं मला पुन्हा ऐकायला मिळाली नाहीत. एवढी हळहळ बाळगायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी शालन, मी आणि गिरजा एसटीने निघालो. शालनने तिच्या डोक्याला चपचपीत तेल लावून वेण्या घातल्या होत्या. गुळाचं फडकं तिच्या मांडीवर. राहुरीपर्यंत ती खिडकीला नाक लावून होती. बेलापूरची प्रवरा ओळखली, राहुरीची मुळा ओळखली. पण तिथून गाडी सोनईकडे न वळता सरळ नगरच्या रस्त्याला लागली, आणि पोरगी कावरीबावरी झाली.

"गुरुजी, सोनई कुटं हाय?"

"एसटी सोनईवरून जात नाही गं. नगरवरून जाते."

"मंग घोडेगाव?"

"तेही नाही लागणार."

तिने आधी शालनकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही तिला फसवून कुठेतरी भलतीकडेच नेतोय असं तिला वाटत होतं. बैलगाडीने एकच वाट दाखवली होती आणि ती वाट आता नाहीशी झाली होती. नगरला गाडी बदलली. तिथल्या गर्दीत तिने शालनचं बोट इतकं घट्ट धरलं की रात्री शालनला अंगठी निघेना. आम्ही शेव-चुरमुरे दिले, तिने हात लावला नाही. करंजीचा घाट उतरलो. पुढे पाटी दिसली आणि कंडक्टर ओरडला, "तिसगाव, तिसगाववाले!" गिरजा जागेवर उभी राहिली. टोळीच्या वाटेवर मिरीच्या पुढचं गाव ते. नाव ऐकलं, रस्त्यालगतचा ओळखीचा पिंपळ पाहिला, आणि मग खाली बसून तिने पुरचुंडीतले चुरमुरे खायला सुरुवात केली.

तिच्या गावच्या फाट्यावर आम्ही उतरलो. फाट्यापासून वस्ती दिसत होती, मध्ये वाळून गेलेली ज्वारी आणि एक पायवाट. घराच्या अंगणात एक म्हातारी वाळत घातलेल्या शेण्या उलटत होती. मी शालनला म्हटलं, आता बघ, आता सुटेल ही. आणि खरं सांगतो, मलाच ते बघायचं होतं. एवढ्या दिवसांत मी तिला फडकं डोक्यावर घेऊन, भाऊ काखेतून उतरवून, पाढ्यासारखी गावं म्हणत पळताना पाहिलं होतं. मोकळ्या हातांनी, जिथे जायचं होतं तिथे पळत जाताना एकदा बघावं, असं मनात होतं.

गिरजा पळाली नाही. ती चालत निघाली. एकेक पाऊल टाकत, शेताच्या कडेकडेने, गुळाचं फडकं पोटाशी धरून. म्हातारीने कपाळावर हात आडवा धरून पाहिलं. "कोन हाय गं?" पोरगी जवळ जाऊन तिच्या शेजारी खाली बसली, इतकी चिकटून की म्हातारीला हातातली शेणी खाली ठेवावी लागली. म्हातारीने तिचं तोंड चाचपलं, वेण्या चाचपल्या, दंड चाचपले आणि मग तिचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले. तळव्यांवरून अंगठा फिरवत म्हणाली, "काय गं ह्ये पायाचं क्येलं." तेवढं ऐकून शालन रडायला लागली. मी उगाच ज्वारीकडे बघत उभा राहिलो.

आम्हाला परतीची गाडी गाठायची होती. म्हातारीने कोरा चहा केला, आणलेलाच गूळ त्यात घातला. निघताना मला राहवलं नाही.

"गिरजा, एवढी पळणारी तू. आणि एवढंसं शेत चालत आलीस?"

तिने आजीचा पदर सोडला नाही. मी काहीतरी फार खुळ्यासारखं विचारलंय अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

"आता कशाला पळू, गुरुजी? आजी दिसत हुती की."